राहण्याची किंमत

एखाद्या पक्षातला, संघटनेतला किंवा सार्वजनिक संस्थेतला जुना कार्यकर्ता आपल्याच नेतृत्वाविरुद्ध उघडपणे बोलला की त्याच्यावर दोन बाजूंनी एकाच वेळी मारा सुरू होतो. आतले म्हणतात, ‘एवढे पटत नसेल तर राजीनामा देऊन मोकळे व्हा.’ बाहेरचे म्हणतात, ‘सगळे दिसत असूनही अजून तिथेच कसे?’ आतल्यांच्या लेखी तो घरभेदी ठरतो आणि बाहेरच्यांच्या लेखी लाचार. गंमत अशी की, एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे हे दोन पक्ष त्या कार्यकर्त्याला सल्ला मात्र एकच देतात, तो म्हणजे बाहेर पडण्याचा. कट्टर विरोधक जेव्हा एकाच निष्कर्षावर येऊन पोहोचतात तेव्हा दोघांच्याही विचारात एकच चूक दडलेली असण्याचा संभव असतो. येथे ती चूक अशी की, संस्था म्हणजे आज तिच्या खुर्च्यांवर बसलेली माणसे, हे दोघांनीही न तपासता गृहीत धरलेले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. नेतृत्वाशी गंभीर मतभेद असतानाही सदोष संस्थेत राहणे सन्माननीय असू शकते. पुष्कळदा ते बाहेर पडण्यापेक्षा अधिक कष्टाचे आणि अधिक उपयोगाचेही असते. मात्र बाहेर पडणाऱ्याला जशी किंमत मोजावी लागते तशी राहणाऱ्यानेही मोजली पाहिजे. राहण्यापायी ज्याचे काहीच जात नाही, ज्याचे पद, मानपान आणि व्यासपीठावरची जागा मतभेदांनंतरही जशीच्या तशी टिकते, त्याच्या राहण्याला सोय म्हणावे. निष्ठा हा शब्द त्याच्यासाठी फार मोठा आहे.

कोणत्याही संस्थेची घटना उघडून पाहावी. आरंभी उद्देश असतात, मग सभासदत्वाचे, सभांचे आणि निवडणुकीचे नियम असतात, आणि पदाधिकाऱ्यांचा उल्लेख येतो तो त्यांच्या मुदतीसह येतो. पदाधिकारी हे विश्वस्त आहेत, मालक नव्हेत, हे त्या ‘मुदत’ या शब्दातच सांगून ठेवलेले असते. तेव्हा ‘अध्यक्षांचे मला पटत नाही’ आणि ‘संस्थेचे मला पटत नाही’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत, आणि पहिल्यावरून दुसरे आपोआप निघत नाही. सुरतेला १९०७ साली काँग्रेस फुटली आणि जहाल गट बाहेर फेकला गेला. पुढच्या वर्षी मवाळांनी संस्थेची घटना अशी बांधली की जहालांना आत शिरणे अवघड व्हावे. टिळक त्याच सुमारास मंडालेला गेले आणि १९१४ मध्ये सुटून आले. त्यांच्या मागे लोक होते, हाती ‘केसरी’ होता, नवी संघटना उभारण्याची ताकद होती; होमरूल लीग काढून १९१६ मध्ये त्यांनी ती दाखवूनही दिली. तरीही ज्या संस्थेने त्यांना दार लावून घेतले होते त्याच संस्थेत परत जाण्यासाठी ते झटले, १९१५ च्या मुंबई अधिवेशनात नियम बदलल्यावर तो मार्ग मोकळा झाला आणि १९१६ मध्ये लखनौला ते पुन्हा काँग्रेसच्या मंडपात आले. मवाळांचे नेते फिरोजशहा मेहता यांचे आणि त्यांचे कधी जमले नाही. पण काँग्रेस ही मेहतांपेक्षा मोठी गोष्ट आहे, याविषयी त्यांच्या मनात संशय नसावा. संस्थेवरची निष्ठा आणि नेत्यावरची निष्ठा यांत फरक करणे म्हणजे शब्दच्छल, असे ज्यांना वाटते त्यांनी ही नऊ वर्षे कशी समजावून सांगायची?

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. ते हलके नाही, आणि त्यातला सर्वांत जड मुद्दा आधी घेतो. राहणारा मनुष्य आतून विरोध करतो खरा, पण त्याच्या उपस्थितीचा फायदा कोणाला होतो? ‘आमच्याकडे भिन्न मतालाही स्थान आहे’ असे सांगायला नेतृत्वाला एक जिवंत पुरावा मिळतो. जॉर्ज बॉल हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ अधिकारी. व्हिएतनाममधील युद्ध वाढवू नये, असे ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांनी एका दीर्घ टिपणात लिहिले आणि पुढेही ते तेच सांगत राहिले. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेतले, बैठकांत त्यांना बोलूही दिले आणि युद्ध वाढवीत नेले. १९६६ मध्ये बॉल यांनी गाजावाजा न करता पद सोडले. विरोधकाला अशी ठरलेली खुर्ची मिळाली की त्याचा विरोध बैठकीच्या रिवाजाचा भाग होऊन बसतो. त्याचे बोलून झाले की सगळ्यांना आपण दुसरी बाजूही विचारात घेतल्याचे समाधान मिळते आणि मग जे ठरलेलेच होते ते होते. आतून बदल घडवू म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण उशाशी ठेवावे, इतके ते अस्वस्थ करणारे आहे.

दुसरा मुद्दा आत्मवंचनेचा. आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे जेथे घातली तेथून उठणे जड जाते, आणि त्या जडपणालाच मनुष्य तत्त्वाचे नाव देतो. ‘मी गेलो तर याहून वाईट माणूस येईल’ हे वाक्य प्रत्येक राहणाऱ्याने केव्हा ना केव्हा उच्चारलेले असते; ते कधी कधी खरे असते, आणि तीच त्यातली अडचण आहे. जगजीवनराम यांनी आणीबाणीला मान्यता देणारा ठराव जुलै १९७५ मध्ये लोकसभेत मांडला आणि २ फेब्रुवारी १९७७ रोजी, म्हणजे निवडणुका जाहीर झाल्यानंतर, काँग्रेस सोडली. त्यांच्या जाण्याने सत्ताधाऱ्यांना मोठा हादरा बसला हे खरे, आणि दलित समाजातून वर आलेल्या नेत्याला पक्षात कोणकोणत्या गोष्टी सांभाळून राहावे लागत असेल, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पण मधल्या दीड वर्षाचे काय, हा प्रश्न उरतोच.

या दोन्ही आक्षेपांना माझे उत्तर एकच आहे, आणि ते किंमतीच्या मुद्द्यापाशी येते. बॉल यांचा विरोध प्रामाणिक होता, अभ्यासू होता आणि पुढच्या घटनांनी तो बरोबरही ठरवला. पण तो बंद दाराआडचा होता. ज्या जनतेच्या नावाने युद्ध चालले होते तिला त्याचा पत्ता नव्हता, आणि म्हणून नेतृत्वाला तो ऐकून घेण्यात काहीच धोका नव्हता. याच्या शेजारी न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना ठेवून पाहावे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयाकडे दाद मागता येते काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल दिला. चौघांनी ‘नाही’ म्हटले. खन्ना एकटे वेगळे पडले, आणि आपले वेगळे मत त्यांनी कारणांसह निकालपत्रात लिहून ठेवले. ज्येष्ठतेनुसार सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यायचे होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्यायमूर्ती बेग यांना ते देण्यात आले, आणि तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला. २०१७ साली खाजगीपणाच्या हक्काचा निर्णय देताना नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चे बहुमताचे मत स्पष्टपणे नाकारले. बहुमतातील चौघांपैकी एकाचे चिरंजीव या पीठावर होते आणि आपल्या वडिलांचा निकाल चुकीचा होता असे त्यांनीच लिहिले, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

यावर कोणी म्हणेल, की त्याच न्यायालयातल्या शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन न्यायमूर्तींनी १९७३ मध्ये आपल्याला डावलले जाताच राजीनामे दिले होते, मग ते काय चुकले? मुळीच नाही. स्वाभिमानी माणसाने जे करावे तेच त्यांनी केले. पण त्या वेळी त्यांच्याबरोबर प्रत्येक स्वाभिमानी न्यायाधीश उठून गेला असता तर १९७६ चा निकाल पाच विरुद्ध शून्य लागला असता, आणि चार दशकांनंतर ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असे एकही पान त्या निकालपत्रात सापडले नसते. संस्था चुकते तेव्हा ‘हे चूक आहे’ असे तिच्याच कागदावर, तिच्याच भाषेत आणि तिच्याच अधिकाराने लिहिणारा माणूस आत असावा लागतो. बाहेरून केलेली टीका कितीही धारदार असली तरी ती त्या दप्तराचा भाग होत नाही.

दप्तराचा उल्लेख आला म्हणून एक लहानसा अनुभव सांगतो. मी ज्या संस्थेचा अनेक वर्षे सभासद आहे तिच्या कार्यकारिणीत राखीव निधीतून मोठा खर्च करण्याचा ठराव आला. मी आणि आणखी एका सभासदाने विरोध केला, हात वर करून विरोधी मत दिले, ठराव मंजूर झाला आणि आम्ही घरी गेलो. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले गेले तेव्हा त्यात ‘ठराव एकमताने मंजूर’ असे होते. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषयपत्रिकेवरचा पहिला विषय असतो आणि तो चालू असताना बहुतेक सभासद चहाची वाट पाहत असतात. मी उठून दुरुस्ती सुचवली. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला ताणता, असे तिघांनी सांगितले. चिटणीसांनी पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि अखेर ‘एकमताने’ खोडून ‘बहुमताने’ असे लिहिले, शेजारी आम्हा दोघांची नावे घातली. त्या वर्षाअखेरीस मी होतो त्या दोन्ही उपसमित्यांमधून माझे नाव गळाले. नुकसान क्षुल्लक होते, त्याची तक्रारही नाही. पण त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. सभेत मी पाच मिनिटे विरोधी बोललो ते कोणालाही खुपले नव्हते, कारण बोलणे हवेत विरते. खुपली ती कागदावरची खाडाखोड. भिन्नमतपत्रिका जोडण्याचा आग्रह धरणे, उपसूचना लेखी देणे, हरणार हे ठाऊक असूनही मतमोजणी मागणे या कंटाळवाण्या गोष्टींमध्ये राहणाऱ्याची खरी निष्ठा दिसते, आणि याच गोष्टी नेतृत्वाला नकोशा असतात.

आपली चर्चा आणखी एका कारणाने फसते. राहणे आणि जाणे या जणू एकाच उंबऱ्याच्या दोन बाजू आहेत, असे आपण बोलतो. प्रत्यक्षात उंबरे अनेक असतात. टिळक आणि आगरकर यांचेच पाहा. दोघांनी मिळून न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’, डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि दोघांचे पुढे तीव्र मतभेद झाले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. पण सोसायटीत ते राहिले, १८९२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये मृत्यू आला तेव्हाही त्याच कामात होते. टिळकांनी ‘केसरी’ ठेवला आणि १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा दिला. आजीव सभासदांनी बाहेरची कामे आणि मिळकत घ्यावी की नाही, हा त्या वादातला एक मोठा मुद्दा होता आणि टिळकांच्या मते तो संस्थेच्या मूळ प्रतिज्ञेचाच प्रश्न होता. आता यांतला निष्ठावंत कोण आणि घरभेदी कोण? एकाच दशकात, एकाच ध्येयातून निघालेल्या दोन माणसांनी एकेक घर सोडले आणि एकेक घर धरून ठेवले. ज्या घरात आपल्याला आपले काम करता येईल ते त्यांनी ठेवले, जेथे आपल्या नावावर दुसऱ्याचे मत खपवले जाईल तेथून ते निघाले. मला हा निकष आजही बाकीच्या सर्व निकषांपेक्षा अधिक वापरण्याजोगा वाटतो.

पद आणि सभासदत्व यांतला भेद याच जातीचा आहे. ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी १७ मार्च २००३ रोजी, इराक युद्धाच्या तोंडावर, मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. मजूर पक्ष मात्र सोडला नाही, २००५ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याच पक्षाचे खासदार होते. मंत्रिमंडळात सामूहिक जबाबदारी असते, तेथे बसून युद्धाला विरोध करणे म्हणजे स्वतःच्याच सहीविरुद्ध बोलणे झाले असते. पक्षाच्या बाकावर बसून मात्र तो विरोध करता येत होता. आपल्याकडे मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि यशवंतराव चव्हाण काँग्रेसमध्ये राहिले. राहण्याबद्दल चव्हाणांनी महाराष्ट्रात जेवढा रोष ओढवून घेतला तेवढा क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात लोळवले, आणि त्या पराभवाचा अर्थ दिल्लीला समजावून सांगायला आत एक माणूस होता. समितीचा लढा नसता तर चव्हाणांचे कोणी ऐकले नसते, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण रस्त्यावरचा दबाव निर्णयात उतरवण्यासाठी निर्णयाच्या खोलीतही कोणीतरी लागते, आणि १ मे १९६० च्या श्रेयाचे वाटप करताना आपण ही दुसरी बाजू नाखुशीनेच मोजतो.

येथे माझ्याच युक्तिवादाची सीमा सांगितली पाहिजे, कारण ‘राहा आणि आतून बदला’ हा उपदेश फार स्वस्तात केला जातो, आणि तो करणारे बहुधा आत सुखाने बसलेले असतात. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर केले. ज्यांना ‘तुम्ही आमचेच’ असे म्हटले जाते पण ज्यांना ना मत असते, ना प्रवेश असतो, ना पंगतीत जागा असते, त्यांच्याकडे निष्ठा मागण्याचा अधिकार कोणालाच नाही. निष्ठा सभासदाकडे मागता येते. उंबऱ्याबाहेर उभे केलेल्या माणसाकडे नव्हे. आणि आंबेडकरांनी घोषणेनंतर एकवीस वर्षे घेतली, समाजाला बदलण्याची भरपूर संधी दिली, ही गोष्ट ‘आणखी थोडे थांबायला हवे होते’ म्हणणाऱ्यांच्या सहसा लक्षात राहत नाही.

म्हणजे आत काही करता येण्याजोगे उरले आहे का, हे पाहावे लागते. निवडणुका होतात का, सभा बोलावली जाते का, विरोधी मत नोंदवले जाते का, हरलेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहता येते का? ही साधने मोडकी असली तरी चालतील. ती अस्तित्वात असली पाहिजेत. काँग्रेसच्या कार्यकारिणीवर असलेले चंद्रशेखर आणीबाणीच्या पहिल्याच रात्री पकडले गेले. जयप्रकाशांशी बोलणी करावीत असे म्हटल्यामुळे आधीच मंत्रिपद गमावलेले मोहन धारियाही तुरुंगात गेले. स्वतःच्या पक्षाच्या सरकारने स्वतःच्या सभासदाला तुरुंगात टाकले, तेव्हा ती साधने संपली होती. त्यानंतर त्यांनी दुसरीकडे जाणे यात विसंगती कोणती? त्यांनी आत असताना पुरेपूर किंमत मोजली होती, म्हणूनच त्यांच्या जाण्याला वजन आले. ज्याने आत असताना तोंड उघडले नाही आणि वारा फिरल्यावर दार उघडले, त्याच्या जाण्याला ते येत नाही.

राहणाऱ्यांच्या वतीने इतके बोलल्यावर त्यांची एक खोड सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती माझीही आहे. द्यूतसभेत भीष्म-द्रोण गप्प बसले असताना विकर्ण हा दुर्योधनाचाच भाऊ उठला आणि द्रौपदीला पणाला लावणे अधर्म आहे असे त्याने भर सभेत सांगितले. कर्णाने त्याला पोरकट ठरवून खाली बसवले. त्या सभेनंतर विकर्णाचा विरोध कथेत पुन्हा ठळकपणे येत नाही. तो येतो थेट रणांगणावर, कौरवांच्या बाजूने लढताना, आणि भीम त्याला मारतो व मारून हळहळतो. दुसरा भाऊ युयुत्सू युद्धाच्या तोंडावर पलीकडे गेला, वाचला, आणि पुढे पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा राज्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवली गेली. आपण विकर्णाला मनातल्या मनात युयुत्सूपेक्षा थोडा वरचा मान देतो, असे मला वाटते. तो बोललाही आणि घर सोडूनही गेला नाही. पण त्या सभेपासून त्या रणांगणापर्यंत तेरा वर्षे गेली होती. ‘मी तेव्हा बोललो होतो’ या एका वाक्यावर किती वर्षे काढता येतात? माझी त्या इतिवृत्तातली दुरुस्ती जुनी झाली, आणि मी ती अजून लोकांना सांगतो आहे, हे लिहिताना माझ्या ध्यानात आले. पुढच्या महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय नेहमीचाच आहे, आणि मागील इतिवृत्ताची प्रत मी आज काढून ठेवली आहे.